न दिसणे आणि नसणे

निवृत्तीनंतर सोनकच्छला कालीसिंधच्या काठाने संध्याकाळी फिरून येण्याचा माझा नेम आहे. परतताना चांदण्या उगवलेल्या असतात आणि दोन चांदण्यांमधला काळोख पाहून सहज मनात येते, तेथे काही नाही. हे ‘काही नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या पूर्वसूरींनी हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. भूमीवर घट दिसत नाही, यावरूनच तो तेथे नाही हे आपल्याला कळते. नैयायिकांना हे प्रमाण स्वतंत्र म्हणून मान्य नाही. परंतु एक अट दोन्ही पक्षांना मान्य आहे. घट असता तर तो दिसला असता, असे म्हणता आले पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे ठरत नाही. या अटीसह असलेली अनुपलब्धी ती ‘योग्यानुपलब्धी’.

आता आकाशाकडे वळू. आकाशगंगेच्या प्रतलापासून फार उंचावर वायूचे थंड मेघ आहेत, असे ग्विदो म्युंच यांच्या निरीक्षणांतून आढळले होते. भोवती पोकळीच असती, तर हे मेघ केव्हाच विरून गेले असते. मग त्यांना बाहेरून कोण दाबून धरते? १९५६ साली लायमन स्पिट्झर यांनी उत्तर सुचविले की, आकाशगंगेभोवती सुमारे दहा लक्ष अंश तापमानाच्या अतिविरल वायूचे आवरण असावे. हा वायू इतका विरल, की एक लिटर जागेत सरासरी एक इलेक्ट्रॉनही भरू नये. आपल्या लेखाच्या शीर्षकातच स्पिट्झर यांनी ‘संभाव्य’ हा शब्द घातला होता.

असा वायू दुर्बिणीला का दिसला नव्हता? एवढ्या उष्णतेत अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात. ऑक्सिजनच्या आठांपैकी पाच इलेक्ट्रॉन गेले, की उरलेला आयन दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशातून १०३२ आणि १०३८ अँगस्ट्रॉम लांबीचे अतिनील किरण शोषून घेतो. हे किरण आपले वातावरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. म्हणजे पृथ्वीवरील दुर्बीण या बाबतीत अंधाऱ्या खोलीतच उभी होती. १९७२ साली ‘कोपर्निकस’ हा उपग्रह वातावरणाबाहेर गेला आणि १९७४ साली, तब्बल अठरा वर्षांनी, ताऱ्यांच्या वर्णपटांत त्या दोन रेषा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या रेषा सुमारे तीन लक्ष अंश तापमानाच्या वायूची साक्ष देत होत्या. पुढे १९९९ ते २००७ या काळात ‘फ्यूज’ उपग्रहाने हाच शोध आकाशगंगेच्या आवरणापर्यंत नेला. आपल्या देशाने २०१५ साली सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरही अतिनील दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने २०२० साली पुण्याच्या ‘आयुका’तील डॉ. कनक साहा यांच्या चमूने ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून निघालेले, हायड्रोजनचे आयनीभवन करू शकणारे किरण टिपले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वर्णपटातील काळी रेषा म्हणजे प्रकाशाचा अभाव. तोच अभाव वायूच्या अस्तित्वाचा पुरावा ठरला. कारण तारा आणि आपण यांच्यामध्ये काहीच नसते, तर तो प्रकाश पोहोचला असता.

हे वाचत असता मला नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतले एक प्रकरण आठवले. वडील वारल्यावर तीन भावांनी शेताच्या नामांतरणासाठी अर्ज केला. वंशावळीत मुलगी नव्हती. इश्तिहार गावात लागला, मुदत संपली, कोणाचीही हरकत आली नाही. मी ‘हरकत नाही’ असे नोंदवून आदेश दिला. काही महिन्यांनी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती त्यांची बहीण. दूरच्या गावी दिलेली, अक्षरओळख नसलेली. “मला कुणी विचारलंच नाही, साहेब,” एवढेच ती म्हणाली. मी तिला अपिलाची वाट सांगितली. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही.

कायद्याच्या दृष्टीने कागद पुरे होते. तरीही जो इश्तिहार तिच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते, त्यावरील तिच्या मौनाला मी संमती मानले. तिला ठाऊक असते तर ती बोलली असती, एवढे म्हणता येत होते. तिला ठाऊक आहे की नाही, हे मी पाहिले नव्हते. शिवाय वंशावळीतली ती रिकामी जागा ही वर्णपटातल्या काळ्या रेषेसारखीच होती. या घरात मुलगी नाही का, एवढा एक प्रश्न पुरला असता.

प्रत्येक निर्णय अठरा वर्षे थांबू शकत नाही, हे खरे. कचेरीला मुदती असतात, संसारालाही असतात. परंतु ‘नाही’ लिहिण्यापूर्वी, असते तर मला दिसले असते काय, हे स्वतःला विचारण्यास फारसा वेळ लागत नाही. आपल्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या पुन्हा एकदा उघडून पाहाव्यात. लेकींची नावे कोठे आहेत, ते पाहावे.