आकडा मोठा, पण उपयोग किती?



मागच्या बैठकीत केंद्राच्या वेबसाइटचा अहवाल आम्ही सेविकांनीच वाचला. ती किती वेळा उघडली गेली तो आकडा ऐकून टाळ्या पडल्या. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलावं.

घरी येताना सौंसरच्या आजी आठवल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गोटमार असते. जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर, अशा दिवशी बाहेरून कोण येणार? म्हणून सत्संग पुढे ढकलला होता. निरोप ग्रुपवर गेला, वेबसाइटवर टाकायचा राहिला. आजींनी नातवाकडून तीनदा वेबसाइट उघडून खात्री केली आणि बसने आल्या. बंद दारापाशी बसून होत्या. "तुमच्या मोबाइलात तं आजचंच लिहून होतं नं बाई," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं ते तीनदा उघडणं आमच्या आकड्यात तीन म्हणून जमा झालं! आकडा खरा होता. पण तो वाचून मिळवलेलं समाधान खरं होतं का?

एक ताई म्हणाल्या, सेवा निष्काम असावी, मोजायची कशाला? आम्हाला हे पटलं नाही. नैवेद्य आपण चाखत नाही, पण पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वरण पोहोचलं की नाही हे बघतोच ना?

मग आम्ही चौघीजणी वेबसाइट उघडून बसलो. जिल्हा होऊन २०२३ च्या ऑक्टोबरपासून इतका काळ लोटला, पण पत्त्यात अजून छिंदवाडाच. सगळी माहिती इंग्रजीत. भगव्यावर पिवळी अक्षरं, चष्मा लावूनही दिसेनात. (वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जगभर जे नियम मानतात, त्यांत साध्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ पट असावा असं आहे. वेबसाइट दिसावी, चालवता यावी, समजावी आणि कुठल्याही फोनवर टिकावी, ही त्या नियमांची चार तत्त्वं.) देणगीचं पान मात्र एका बोटात उघडतं. ते बघून आम्ही एकमेकींकडे पाहिलं, बोललं कोणी नाही.

तारीख आणि पत्ता त्याच रात्री दुरुस्त झाला. मराठी पानाचं काम सुरू आहे. येत्या गुरुवारी आजींना बोलावलं आहे. फोन त्यांच्या हाती देऊन "पुढचा सत्संग कधी, शोधा" म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं, असं ठरलं आहे. चष्मा आठवणीने आणा म्हणून निरोप दिला आहे.