न पाहिलेले शेजारी

जे माणूस मुळात नाहीच, त्याच्या दुःखाने आपले डोळे भरून यावेत, हे सहृदयतेचे लक्षण म्हणायचे की भाबडेपणाचे? प्रश्न जुना आहे. पण रेडिओने त्याला नवी धार आणली. नाटकाला आपण तिकीट काढून जातो, कादंबरी मिटून ठेवतो. श्रुतिकेतली माणसे मात्र आपली भाजी निवडून होईपर्यंत स्वयंपाकघरात बसत, आणि ठरल्या वेळी पुन्हा हजर होत.

ऑस्ट्रेलियात ‘ब्लू हिल्स’ नावाची अशीच एक मालिका होती. ग्वेन मेरेडिथ या बाईंनी लिहिलेली ही ग्रामीण कुटुंबांची कथा १९४९ साली सुरू झाली आणि १९७६ साली संपली, तेव्हा तिचे ५,७९५ भाग झाले होते! त्या देशाच्या आतल्या माळरानात शेजाऱ्याचे घर कोसच्या कोस दूर. तिथल्या एखाद्या गृहिणीला रेडिओतले कुटुंब हाच शेजार वाटला, तर नवल नाही.

पण आपल्याकडे काय? भिवंडीहून वाड्याच्या वाटेवर शेलार गाव लागते. या सगळ्या मुलखात यंत्रमागांचा खडखडाट. दाट वस्तीत एका घरची फोडणी दुसऱ्या घरच्या नाकात जाते. इथे शेजाराचा तुटवडा कसला? तरीही अशाच वस्त्यांमधून मुंबई आकाशवाणीची ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका आवडीने ऐकली जाई. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी ही जणू नात्यातलीच माणसे होती.

यावर एखादा रोखठोक माणूस म्हणेल, “हे प्रेम फुकटचे! मीनावहिनी कधी वाटीभर साखर मागायला येत नाहीत, टेकाडे भावजी हातउसने पैसे मागत नाहीत. इंग्लंडात १९५५ साली ‘द आर्चर्स’ मालिकेतली ग्रेस आगीत सापडून मेली, तेव्हा बीबीसीकडे फोनांची आणि पत्रांची रीघ लागली. त्यांतल्या किती जणांनी त्या आठवड्यात शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस केली?” या बोलण्यात तथ्य आहे. ज्या मायेला काहीच मोजावे लागत नाही, तिला सद्गुण म्हणायला जीभ जरा अडखळते.

परंतु एक गोष्ट तो विसरतो. रेडिओ फक्त आवाज देतो. चेहरा द्यावा लागतो आपल्याला. मीनावहिनींना कुणी आपल्या मावशीचे कपाळ दिले असेल, कुणी पलीकडच्या बिऱ्हाडातल्या वहिनींचे हसू. दूरदर्शनने पुढे चेहरेही तयार करून पाठवले आणि हे काम संपले. श्रुतिका ऐकताना डोळ्यांत आलेले पाणी अगदीच खोट्या माणसासाठी नव्हते. ज्यांचे चेहरे आपण न विचारता उसने घेतले, त्यांचाही त्यात वाटा होता. आणि उसने घेतले, की फेडणे आले.

इथेच खरी परीक्षा आहे. मागावर तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. त्याला चेहरा आहे, आवाज आहे. पण माग सुरू असताना त्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि माग थांबल्यावर ऐकायला आपण थांबत नाही. पूर्वी वीज गेली की माग गप्प होत आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर तेवढा बोलत राही. त्या शांततेत न पाहिलेल्या माणसासाठी आपण जो कान दिला, तो पाहिलेल्या माणसासाठी का देऊ नये?

श्रुतिकेवरचे प्रेम म्हणजे गवयाचा रियाझ. तो खोटा नसतो; पण बंद खोलीत जन्मभर रियाझच करणाऱ्याला गवई कोण म्हणेल? या दिवाळीत फराळाचे ताट नेहमीच्या चार घरी जाईलच. पाचवे ताट ज्याचे नावही आपण कधी विचारले नाही त्याच्या दारी न्यावे, आणि ताट ठेवून लगेच माघारी न फिरता घटकाभर टेकावे. तो काय सांगतो, ते ऐकण्यासारखे असेल.