विरजण

लहानपणी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मला कधीही वेळेवर झोप लागली नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठायचे, अभ्यंगस्नान उरकायचे आणि आळीतला पहिला फटाका आपल्याच अंगणात वाजवायचा, असा बेत असे. त्यासाठी लवकर निजणे भाग होते. मी डोळे घट्ट मिटून पडे, या कुशीवरून त्या कुशीवर वळे, शंभरापर्यंत अंक मोजी, आणि मधूनमधून 'लागली का झोप?' असे स्वतःलाच विचारी. हा प्रश्न ज्याला विचारता येतो तो जागाच असतो, हे तेव्हा कळत नसे. शेवटी केव्हातरी स्वयंपाकघरात आई कढईच्या काठावर झारा आपटते आहे, तिकडे लक्ष जाई. त्यानंतरचे आठवते ते एकदम उटण्याच्या वासाचे.

अशा अनुभवांवरून पुष्कळ माणसे एक मोठा सिद्धान्त काढतात. हव्या त्या गोष्टीच्या मागे लागले की ती दूर पळते. मागे लागू नका, ती आपण होऊन येईल. संसारात टक्केटोणपे खाल्लेली वडीलधारी माणसे हा सल्ला फार मायेने देतात. पण तो सरसकट खरा आहे काय?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८२६ साली, ऐन विशीत, स्वतःला एक प्रश्न विचारला. समाजात मला ज्या सुधारणा हव्या आहेत त्या साऱ्या याच क्षणी घडून आल्या, तर मी सुखी होईन काय? मनाने 'नाही' असे उत्तर दिले आणि त्याला जगणेच निरर्थक वाटू लागले. कित्येक महिने तो उदास होता. पुढे मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडील वारल्यावर कोवळा मुलगा घरच्यांचा आधार व्हायचे ठरवतो, हा प्रसंग आला. मिलचे डोळे भरून आले आणि तेव्हापासून मनावरचे ओझे हलके होऊ लागले. तो त्या वेळी स्वतःचे सुख शोधत नव्हता. दुसऱ्याच्या दुःखात शिरला होता. सुखालाच ध्येय करून बसणाऱ्याला सुख मिळत नाही, मन दुसऱ्या कशात गुंतले असता ते वाटेत भेटते, असा निष्कर्ष त्याने १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे.

परंतु मिलने सुधारणांचा पाठलाग सोडला नाही, ही गोष्ट आपण विसरतो. स्त्रियांच्या पराधीनतेविरुद्धचे त्याचे पुस्तक १८६९ सालचे आहे. आपल्याकडे त्याच प्रश्नाच्या मागे धोंडो केशव कर्वे हात धुऊन लागले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. कॉलेजात गणित शिकवून हिंगण्याची वाट पायी तुडवणाऱ्या, दारोदार वर्गणी मागणाऱ्या या माणसाला कोणी म्हणाले असते की, 'मागे लागू नका, शिक्षण आपण होऊन येईल,' तर? ते आले नसते. भरल्या पोटी उपाशी माणसाला असला उपदेश करणे यात शहाणपण नाही, निष्ठुरपणा आहे. आणि त्याच कर्व्यांना १९५८ साली, शंभरीच्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्यासाठी ते हिंगण्याची वाट चालत होते, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

तेव्हा मला वाटते, दोष पाठलागाचा नाही. शाळा, विहीर, औषध, न्याय यांच्यामागे लागावेच लागते. झोप, सुख, मान, माया यांची जात निराळी. यांच्यामागे लागणे म्हणजे पुन्हा पुन्हा स्वतःकडेच पाहणे. मुलांचे आपल्यावर प्रेम आहे की नाही याची रोज परीक्षा घेणारा बाप अखेर मुलांना नकोसा होतो. त्यांच्याबरोबर आकाशकंदिलाच्या काड्या बांधत बसणाऱ्या बापाला तो प्रश्न सुचतही नाही. 'मला काही नको' असे सोंग आणूनही भागत नाही. तो तर डोळे मिटून झोपेची वाट पाहण्याचाच प्रकार झाला. लक्ष खरोखरच दुसरीकडे जावे लागते.

उत्साहावर विरजण पडले, असे आपण उगीच म्हणतो. बिचाऱ्या विरजणाचे काम किती चांगले! दूध कोमट करावे लागते, विरजण नीट ढवळावे लागते. एवढे कष्ट चुकत नाहीत. त्यानंतर भांडे हलवायचे नसते. दही लागले का म्हणून मी दर घटकेला भांडे हलवून पाही, तेव्हा आई माझा हात धरून म्हणे, "लागेल हो. तू जा बघू, अंगणात पणत्या लाव."