खालांचा प्रश्न

आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत वायफाय बसवायचे ठरले, तेव्हा पालकसभेत एक खाला उठून म्हणाल्या, "सर, ह्या वायफायनं पोरांच्या डोक्याला काही होत तर नाही ना?" सर हसले, सभा हसली, आम्हीही हसलो. खाला खाली बसल्या.

लाज आम्हाला नंतर वाटली. हाच प्रश्न फ्रान्सच्या संसदेत आला होता. २०१३ साली विधेयक मांडले गेले, वाद झडले आणि २०१५ साली कायदा झाला. पाळणाघरात तीन वर्षांखालील मुलांच्या झोपण्या-खेळण्याच्या जागी वायफाय नको. प्राथमिक शाळेत शिकवण्यासाठी लागेल तेव्हाच चालू, एरवी बंद. नवे बसवण्याआधी शाळेच्या समितीला माहिती द्यायची. धोका सिद्ध झाला म्हणून हे केलेले नाही. पुरावा अपुरा असताना लेकरांच्या वतीने सावध किती राहायचे, एवढेच तिथे ठरवले गेले.

विज्ञान काय म्हणते? २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हटले. त्याच गटात पारंपरिक आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत! वायफायच्या परिसरात वर्षभर बसणे म्हणजे मोबाईलवर वीस मिनिटे बोलणे, असा हिशेब ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने २००७ साली मांडला होता. २०२४ च्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

हे चार शब्द त्या सभेत कोणी सांगितले असते तर? सांगितले नाहीत, म्हणून प्रश्न चहाच्या टपरीवर गेला आणि आठवड्याभरात "पोरं निपुत्रिक होणार" होऊन परत आला. हे वाक्य आम्ही आधी ऐकले आहे. पोलिओच्या डोसाबद्दल हेच बोलले गेले, उत्तर प्रदेशात कितीतरी मुस्लिम घरांची दारे बंद झाली. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी अफवेची किंमत लेकरांच्या पायांनी मोजली. शंका घेणारा उत्तराची वाट पाहतो. उत्तराऐवजी हसू मिळाले की तो टपरीवाल्याचे ऐकतो. अडाणी कोण मग, खाला की आम्ही?

(टपरीवर सर्वांत मोठ्याने बोलणारे चाचा नातवाला मोबाईल दाखवूनच घास भरवतात, ते असो.)

पुढच्या सभेत आम्ही खालांशेजारी बसणार आहोत. प्रश्न त्यांनीच पुन्हा विचारावा. तास संपल्यावर बटण कोण बंद करणार, एवढे आम्ही विचारू.