ऊन कलल्यावर

शिमग्याला एक तरुण मुंबईहून राजापूर तालुक्यातल्या आपल्या गावी आला. त्याला डोंगर चढण्याचं भारी वेड. कळसूबाई करून झालं होतं, हिमालयातही जाऊन आला होता. पालखी घरी येऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला गावात करमेना.

आजी म्हणाली, "सड्यावर जाऊन येऊया. काजू बघायच्या आहेत."

"सड्यावर काय आहे गो? नुसता कातळ." पण तो निघाला.

वाट सोपी होती. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. आजी प्रत्येक काजूखाली थांबत होती. गळलेलं बोंड उचलायची, बी पिळून काढायची, ओच्यात टाकायची. एक पिवळं बोंड तिनं नातवाच्या हातावर ठेवलं. त्यानं चावा घेतला तसा रस मनगटापर्यंत ओघळला आणि घसा खवखवला. तो भराभर पुढे गेला आणि आजीच्या बराच आधी माथ्यावर पोचला.

वर रणरणतं ऊन, करपलेलं गवत आणि काळपट जांभा. सडा आडवा-उभा तुडवून तो परत आला.

"चल, झालं बघून."

आजी झाडाच्या सावलीत पाय पसरून बसली होती. "बस जरा. ऊन कलू दे."

तो चुळबुळत बसला. सूर्य समुद्राकडे उतरू लागला तशी आजी उठली. मघाशी तो ज्या कातळावरून चालत गेला होता, त्याच कातळाशी ती त्याला घेऊन गेली. तिरप्या उन्हानं जांभ्यातल्या उथळ खाचांत सावली भरत होती. आधी एक रेघ दिसली, मग रुंद अंग, मग लांब शेपटी. मोठं पाकट होतं ते, कातळात कोरलेलं. आजीनं वाकून एका खाचेतली माती बोटानं काढली. नातवानं पायातले बूट काढले आणि शेपटीच्या टोकापासून तोही खाच साफ करू लागला.

लांबच्या डोंगरासाठी माणूस रजा काढतो. घरामागच्या सड्याला मात्र एका नजरेत निकालात काढतो. रत्नागिरीच्या सड्यांवर अशी कितीतरी खोदचित्रं आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांबीचा. कोणी कोरली, त्यांची नावं काळात गेली. 2022 मध्ये कोकणातली कातळखोदचित्रं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गुरांमागे फिरणाऱ्या माणसांच्या ती ओळखीची होती. त्या माणसांना तिथे संध्याकाळपर्यंत थांबावं लागत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वाडीतली पोरं नातवाच्या मागे लागली, आम्हालाही दाखव म्हणून. सकाळीच निघूया, असा त्यांचा हट्ट होता. त्यानं त्यांना चार वाजेपर्यंत अंगणात बसवून ठेवलं.