दगडाखालचा शेजारी

मनात शंका आली की 'पाल चुकचुकली' असे आपण म्हणतो. अंगावर पाल कोठे पडली असता कोणते फळ, याचे कोष्टक पंचांगात असते. ख्रिस्ती घरात आपण ते मानीत नाही. झाडू मात्र आपणही उचलतो. पवित्र शास्त्रात लेवीय ११ मध्ये पाल अशुद्ध प्राण्यांत मोजली आहे. पण नीतिसूत्रे ३० मध्ये तीच लहान परंतु शहाण्या अशा चार प्राण्यांत बसली आहे.

हुबळी-धारवाडात आपल्या घरी दिव्यापाशी किडे टिपणारी पाल आशिया खंडात दूरवर आढळते. जहाजांतील मालाबरोबर ती इतर खंडांतही पोहोचली आहे. परंतु हिच्याच गोतातील एक पाल अशी आहे की, सातारा जिल्ह्यातील मोजक्या पठारांपलीकडे तिला घर नाही. २००८ साली वरद गिरी व ॲरन बाउर या शास्त्रज्ञांनी चाळकेवाडीच्या परिसरातून तिची नोंद केली व साताऱ्यावरूनच तिचे नाव ठेवले. ती भिंतीवरची नव्हे, जमिनीवरची. दिवसा सुट्या दगडाखाली दडते. १९६३ साली नोंदलेली, कोकणच्या सड्यांवरील पांढऱ्या पट्ट्यांची पालही अशीच दगडाच्या आश्रयाने राहते.

चाळकेवाडीच्या पठारावर आज पवनचक्क्या फिरतात. कोकणात चिऱ्यासाठी सडे खणले जातात, बागांसाठी दगड वेचले जातात. धुरावाचून वीज, गरिबाला घर, हातांना काम, यांतील एकही गोष्ट पाप नाही. मग जी कोणाच्याच उपयोगाची नाही, त्या पालीसाठी मनुष्याने आपला हात आखडावा काय?

उत्पत्तीचा पहिला अध्याय नीट वाचला तर उत्तर सापडते. सरपटणारे प्राणी देवाने केले आणि ते चांगले आहेत असे पाहिले, तेव्हा मनुष्य अजून निर्माण झाला नव्हता. म्हणजे त्यांचे चांगलेपण आपल्या उपयोगावर ठरलेले नाही. पुढे मनुष्याला सत्ता मिळाली हे खरे. परंतु दुसऱ्या अध्यायात त्याच मनुष्याला बागेची मशागत व राखण सोपवली आहे. धन्याचा माल आपलाच समजणारा तो कारभारी कसला?

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेला दृष्टांत आठवा. श्रीमंताजवळ कळप होते, गरिबाजवळ एकच कोकरी. आणि पाहुण्यासाठी कापली गेली ती कोकरी. पाहुणचार वाईट नव्हता. अन्याय होता तो निवडीत. आपल्यापुढे खणायला, बांधायला पुष्कळ जागा आहेत. त्या पालीपुढे मोजकीच पठारे आहेत. म्हणून काम करूच नये असे नव्हे. परंतु पहिला दगड हलविण्यापूर्वी येथे कोण राहते हे विचारावे, आणि दुसरी जागा असेल तर तिकडे वळावे, एवढे तरी आपल्याकडून देणे लागते.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलांना सहलीला न्याल तेव्हा उलटलेला दगड पुन्हा जागच्या जागी हळूच ठेवावयास शिकवा. चिमणीचीही दखल घेणाऱ्या पित्याची ती लेकरे आहेत. आज जे दगड जपतात, तेच उद्या दुबळ्याचे घर मोडताना थबकतील.