अन्नमय मन

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय होते ते सांगतो. स्थूल भागाचा मळ होतो, मधल्याचे मांस आणि सर्वांत सूक्ष्म भागाचे मन. मुलाने आणखी समजावून मागितल्यावर बाप त्याला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो. त्यानंतर श्वेतकेतूला ऋचा, यजू, साम काहीच आठवत नाही. जेवल्यावर सारे आठवते. बारा वर्षांच्या अध्ययनाचा गर्व असलेल्या तरुणाला हा धडा पुरेसा होता.

अन्नाचा हा प्रवास आता पेशीपर्यंत पाहता येतो. भातातल्या पिष्टाचे विघटन तोंडात सुरू होते आणि लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज बनते. प्रथिनांची अमिनो आम्ले होतात. आतड्याच्या अस्तरातून ही द्रव्ये रक्तात शिरतात आणि आधी यकृतात जातात. स्निग्ध पदार्थांची वाट निराळी. त्यांचे बारीक थेंब लसीकावाहिन्यांतून मानेच्या तळाशी रक्ताला मिळतात. पुढे केशवाहिन्यांच्या एका पेशीइतक्या पातळ भिंतीतून पोषक द्रव्ये पेशींभोवतीच्या द्रवात पाझरतात. तिथवर आलेले सगळे आत जातेच असे नाही. स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशी ग्लुकोज घ्यायला बहुतांशी इन्सुलिनच्या इशाऱ्याची वाट पाहतात. मेंदूला तशी वाट पाहावी लागत नाही. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो.

म्हणजे उद्दालकाचे म्हणणे सिद्ध झाले का? अर्धेच. लांबलेल्या उपवासात यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार करते आणि मेंदू त्यांवर बराच निभावतो. तेव्हा श्वेतकेतूची कथा प्रयोगाची नोंद म्हणून वाचू नये. मन अन्नावाचून चालत नाही, एवढे तिच्यातून निघते. अन्नावाचून चालत नाही ते अन्नच असते का, हा वाद शिल्लक उरतो.

चार्वाकांचे उत्तर होकारार्थी होते: आंबवलेल्या द्रव्यांत मादकता यावी तशी चार भूतांच्या मिश्रणातून जाणीव उपजते. वेदान्ताने मन आणि आत्मा वेगळे मानले. शंकराचार्य तर छांदोग्यातील याच वचनाचा आधार घेऊन वैशेषिकांचे नित्य मन खोडून काढतात. अन्नाने पोसले जाणारे मन भौतिकच असणार, असा त्यांचा युक्तिवाद. त्यामुळे पोषणाच्या शास्त्राने श्रद्धेला तडा जातो ही भीती निदान या परंपरेपुरती तरी निराधार आहे. पेशीत पोचलेल्या ग्लुकोजचा हिशेब मनापाशी येऊन संपतो. त्या मनाला जाणणारा कोणी वेगळा आहे, असे वेदान्ती म्हणतो. चार्वाकाला त्याची गरज वाटत नाही. रक्ताची कोणतीही तपासणी या दोघांचा निवाडा करू शकत नाही.